पहिल्या दोराचा वाटा

“माझी जीभ खंय गेली गो?” भागीआतेनं विचारलं, आणि आम्ही सगळ्याजणी खदाखदा हसलो.

हसणारच. भागीआते म्हणजे माझ्या नवऱ्याची आते. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई आणि वाडीतली सगळ्यात लांब जीभ. तिनं इथं धक्क्यावर सकाळी शिवी घातली की ती खाडी पोहून पलीकडच्या गावात दुपारी चढायची, असं मीच सगळीकडे सांगत फिरायचे.

“गेली आसतली बाजाराक,” मी म्हटलं. “येतली सांजेपर्यंत.”

पुन्हा सगळ्या हसल्या. तिच्या हातात पितळेचा पेला होता आणि पेल्यात निवळ. शिणाणे म्हणजे ते हिरव्या पाठीचे लांबट शिंपले, ते उकडले की टोपाच्या तळाला पांढरट पाणी उरतं, त्याला आम्ही निवळ म्हणतो. मिरी ठेचून घालायची, चिमूटभर मीठ. आजाऱ्याला द्यायचं, बाळंतिणीला द्यायचं, आणि मोसमातला पहिला पेला वाडीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाला. भागीआतेनं तो एका दमात अर्धा केला होता.

सकाळपासून रडलेल्या बायका तेव्हा पहिल्यांदा हसत होत्या, म्हणून मीही जरा जास्तच हसले.

सकाळचं सांगते. पोयबंदरच्या खाडीत आम्हा बायकांचा एक गट होता. माझी थोरली जाऊ गुणवंती, तिला सगळे गुणाबाय म्हणायचे, मी नुसतं गुणा, ती त्याची मुख्य. तिनंच ते खूळ काढलं होतं. खाडीत मेढी ठोकून बांबूचा मांडव घालायचा, त्याला दोर सोडायचे, दोरांवर शिणाण्यांचं बी बांधायचं. बाजूला जाळ्याचा पिंजरा करून त्यात चोणक मासे वाढवायचे. पुरुषांनी आधी टिंगल केली. “बायका आता खाडयेत परसबाग लावतली,” म्हणाले. मग पिंजऱ्यातले चोणक हाताएवढे झाले तेव्हा तेच पुरुष पाव्हण्यांना होडीत बसवून दाखवायला आणू लागले.

तर चैताच्या दिवसांतल्या त्या सकाळी खाडीचं पाणी तांबडं झालं. गढूळ नव्हे. गढूळ पाणी आम्हाला कळतं. हे तांबूल थुंकल्यासारखं होतं, आणि हातात घेतलं तर बोटांना बुळबुळीत लागायचं. वास यायचा, पण मेलेल्याचा नव्हे. कापलेल्या काकडीला येतो तसा.

पिंजऱ्याकडे गेलो तर चोणक पोट वर करून. सगळे. काही अजून तोंडाची उघडझाप करत होते, लहान पोर रडून रडून थकल्यावर करतं तशी. गुणा कंबरभर पाण्यात उतरली, एक मासा उचलून छातीशी धरला आणि उभीच राहिली.

“गुणा, बाहेर ये गो,” मी म्हटलं.

“ह्याका मी हातान चारलंय,” ती म्हणाली. एवढंच. मासा काही सोडेना.

तेवढ्यात मालननं मांडवावरून हाक मारली. “गुणाकाकी! शिणाणे जिते आसत!”

मालन ही भिकू तांडेलाची सून. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तिचा नवरा दिगू नारळी पुनवेनंतर एकटाच होडी घेऊन गेला होता, तो आलाच नाही. होडी मिळाली, उलटी. दिगू मिळाला नाही. मालन रोज सांजेला धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. बायका पाठीमागे कुजबुजायच्या, पण तोंडावर कोण बोलत नसे. जोपर्यंत माणूस मिळत नाही तोपर्यंत बाई सवाशीणच.

तर मालननं एक दोर वर ओढला होता. शिणाणे गच्च मिटलेले. आमच्याकडे पारख एकच. मेलेला शिंपला आ करतो. जिवंत असला तर ठोकला की आणखी आवळतो. गुणानं दोरावर नखानं टकटक केलं, एकेक शिंपला कान लावून ऐकल्यासारखा बघितला. एकही उघडा नव्हता. उलट कधी नव्हते एवढे जड झालेले. एक फोडला तर आत मांस कसं, भगवं आणि तट्ट.

“आईन राखल्यान,” गुणा म्हणाली आणि तिथंच पाण्यात उभ्या उभ्या हात जोडले. मग डोळे पुसले आणि आवाज एकदम मुख्य बाईचा झाला. “आजच काढूया. मासे मेले, उद्या हे पण मरतले. आज जिते आसत तवसर काढूया.”

आम्हाला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. घर पेटलं की माणूस आधी धान्य बाहेर काढतो. धान्यालाच काही झालंय का, हे कोण बघत बसतं?

गुणानं व्यापाऱ्याला फोन लावला, तो संध्याकाळी टेम्पो पाठवतो म्हणाला. आणि आम्ही दोर काढायला लागलो. सगळी वाडी आली. पहिला दोर विकायचा नाही, वाडीनं खायचा, ही आमची रीत. रापणीवरून, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यावरून, आलेली. रापणीच्या जाळ्याला जो हात लावेल त्याला वाटा, मग तो होडीचा तांडेल असो की रांडाव बाई असो की नुसतं बघायला आलेलं माणूस असो. तसंच आम्ही पहिल्या दोराचं केलं होतं. सगळ्यांनी रांगेत उभं राहून दोराला हात लावायचा आणि मग धक्क्यावर चुली मांडून उकडायचं.

मांडवाच्या पार शेवटच्या मेढीकडचे दोर कापायला मी गेले, कारण बुडी मारायला माझ्यासारखी दुसरी नव्हती. मी सांगायचे की लहानपणी मला मुशी माशानं दूध पाजलंय. निम्मी पोरं ते खरं मानायची. कापताना मी तिथंच दोन-तीन शिणाणे सुरीनं उघडून कच्चेच गिळले. कापणाऱ्याचा तो हक्क.

तर आता पुन्हा धक्क्यावर या. भागीआतेची जीभ गेली आहे आणि आम्ही हसतोय.

“नाय गो,” आते म्हणाली. “खरोच नाय. दातांका लागता, पण माका कळना नाय.”

“दात तरी खंय उरलेत तुझे?” कुणीतरी म्हणालं. परत हशा.

मग तिच्या हातातला पेला पडला. तिनं टाकला नाही, पडला. तिनं हाताकडे असं बघितलं, जसा तो दुसऱ्याचा हात. आणि मग अगदी हळू, गोड आवाजात म्हणाली, “तरंगतंय गो मी. होडयेत बसल्यासारख्या वाटता.”

भागीआते उभ्या जन्मात गोड आवाजात बोलली नव्हती. माझं हसू तिथंच थांबलं.

तेव्हा मला माझे ओठ कळले. म्हणजे कळेनासे झाले होते. किती वेळ ते मी हातानं चोळत होते ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लहानपणी आम्ही अक्कलकाढा चावायचो, तोंड बधिर होऊन मुंग्या येतात, तसं. बोटांच्या टोकांनाही.

मी गुणाला बाजूला ओढलं. “गुणा, शिणाणे बाधलेत.”

“काय बोलतंस?”

“आतेक बघ. माझे ओठ बघ. शिवशिवतत. खावक देव नको कोणाक.”

“थापो मारून मारून शिवशिवत आसतले,” गुणा म्हणाली. पण हसून नव्हे. “येसू, आज नको हां. आज मस्करी नको.”

“मस्करी नाय गो!”

“मेलेलो एक नाय. मी ठोकून बघलंय सगळे. आणि कडकडीत उकडलेले. उकडलेला कसा बाधतला? आते उन्हात बसली सकाळधरना, भोवळ इली.” तिनं पिंजऱ्याकडे बोट केलं. “मासे गेले. आता हे पण फेकून देव म्हणतंस? मग काय माझी हाडा विकू?”

ती वाईट बाई नव्हती. त्या क्षणी मी तिच्या जागी असते तर मीही तेच बोलले असते, आणि माझ्यासारख्या बाईचं तर मुळीच ऐकलं नसतं. खेकड्यानं नवऱ्याची विडी पळवली आणि बिळात बसून ओढली, असं शपथेवर सांगणारी बाई मी.

चुलीवरचे टोप उतरले होते. बायका वाटे करत होत्या, केळीच्या पानांवर ढीग. पोरं पानांभोवती माश्यांसारखी. कुणाच्या तरी आयनं एक शिंपला फुंकर मारून आपल्या लेकराच्या तोंडापुढे धरला होता. टोपांत निवळ होतं, आणि बायका पेले पुढे करत होत्या. पलीकडे गोणी भरून ठेवलेल्या, टेम्पोची वाट बघत. त्या गोणी मालवणला जाणार, कुडाळला जाणार, कुणा कुणाच्या घरी.

ओरडून सांगितलं असतं तर गुणानं मला गप्प केलं असतं, आणि तेवढ्यात चार घास पोटात गेले असते. खरं बोलायला वेळ लागतो. दाखवायला लागतं, पटवायला लागतं. वेळ नव्हता. आणि मला एकच काम येत होतं.

मी मधोमध जाऊन उभी राहिले. थाप मारताना आवाज चढवायचा नसतो, उतरवायचा असतो.

“खाव नका,” मी म्हटलं. “खाली माणूस आसा.”

“खंय खाली?”

“शेवटच्या मेढीक. दोर कापूक बुडी मारलंय तेव्हा हाताक लागलो. माका वाटला ओंडको. मगे बघलंय तर केस.” मी थांबले. थांबायचं कुठं ते मला कळतं. “छातीवर शिणाणे बसलेले. तोंडात पण. आपल्या दोराचोच शेवट त्येच्यात गुंतलोलो. त्येका खावनच हे एवढे मोठे झालेत.”

धक्क्यावर चुलीत नारळाची सोडणं तडतडत होती. ज्या बाईनं लेकराच्या तोंडापुढे शिंपला धरला होता तिचा हात खाली आला.

गुणा पुढे आली. तोंड पांढरंफटक. “आदी कित्या बोलाक नाय?”

“कशी बोलू? सकाळधरना तू रडतंस. म्हटलंय, विकून होवंदेत, मगे सांगूया.”

असं म्हणून मी मान खाली घातली. खोट्यात आपली थोडी लाज मिसळली की ते खरं दिसतं. लोकांना माझा राग आला. राग आला म्हणजे विश्वास बसला.

“कोण तो?” पुरुषांतून कुणीतरी विचारलं. भिकू तांडेल असावा.

“तोंड उराक नाय,” मी म्हटलं. आणि मग, देवा, नुसत्या सवयीनं, गोष्टीला रंग लागावा म्हणून, मी पुढे बोलले, “पायात काळो दोरो होतो.”

कोण कुठला बुडालेला खलाशी, एवढंच माझ्या मनात होतं. काळा दोरा तर दर दुसऱ्या माणसाच्या पायात असतो. माझ्या डोळ्यापुढे जो माणूस होता तो गोष्टीतला होता, त्याला नाव नव्हतं.

गर्दीच्या कडेला मालन उभी होती. हातात तिच्या वाट्याचं पान. ती दोन पावलं पुढे आली, आणि बायका आपसूक बाजूला झाल्या.

“खयच्या पायात?” तिनं विचारलं.

तेव्हा मला दिगू आठवला.

सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. भिकू तांडेल, तिचा सासरा, काठी टेकत पुढे आला होता. ‘बघितलं नाही’ म्हटलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, दोरा दिसला आणि पाय दिसला नाही? ‘खोटं बोलले’ म्हटलं असतं तर गुणानं मला तिथंच झोडपलं असतं आणि लोक सुटकेचा श्वास टाकून खायला बसले असते. दोन्हीकडून खडक. मागं भागीआते गोणीला टेकून बसली होती आणि तिचा खालचा ओठ लोंबत होता.

“उजव्या,” मी म्हटलं.

मालनच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी सैल झालं. खांदे खाली आले. मला वाटलं, आता पडणार. पण ती पडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाही ओठ चोळत होते, तिकडे तिनं बघितलं. मग वळून भागीआतेकडे बघितलं. मग पानांभोवतीच्या पोरांकडे.

मग तिनं आपलं पान जमिनीवर ठेवलं, खाली बसली, आणि दोन्ही हात धक्क्याच्या दगडावर आपटले. हिरव्या बांगड्या उडाल्या.

ती रडली नाही. रडले बाकीचे. भिकू तांडेल “माझ्या बाबा, माझ्या बाबा” करत मटकन बसला. बायकांनी मालनला धरली, कुणी कुंकू पुसलं, कुणी पदर डोक्यावरून ओढला. आणि वाटे, सगळेच्या सगळे वाटे, पानांसकट खाडीत गेले, मागोमाग गोणीही. आयांनी पोरांच्या तोंडात बोटं घालून घालून ओकायला लावलं. मी मिठाचं पाणी केलं आणि ज्यांनी निवळ प्यालं होतं त्यांना जबरदस्तीनं पाजलं. “मेलेल्याचा निवळ पोटात ठेवतास?” मी ओरडत होते. मीही प्यायले आणि ओकले. त्या कामाला ती थाप फार चांगली लागू पडली.

टेम्पो आला तो शिणाणे न्यायला, नेली त्यानं माणसं. भागीआतेला आणि आणखी काही जणांना ज्यांचे पाय लटपटत होते. मी आतेचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती शुद्धीत होती. शेवटपर्यंत होती, तेच वाईट. डोळे माझ्यावर. छाती वर येईना, खाली जाईना. बोलायचा प्रयत्न करत होती, जीभ हलत नव्हती. एवढी लांब जीभ. मी तिला सांगत होते, “आते, पोचलो हां, तो बघ दवाखान्याचो दिवो,” आणि दवाखाना अजून घाटी ओलांडून होता. ते तरी तिनं खरं मानलं असेल की काय कोण जाणे.

बाकीचे वाचले. डॉक्टर म्हणाला, आणखी कुणी खाल्लं असतं, विशेषतः पोरांनी, तर त्याच्याकडे तेवढं श्वास देणारं यंत्र नव्हतं. एक होतं, तेही बिघडलेलं.

मग मत्स्य खात्याचा माणूस आला, बर्फात शिणाणे घालून घेऊन गेला. त्यानं सांगितलं ते एवढंच मला कळलं. ते तांबडं पाणी म्हणजे बारीक शेवाळ, डोळ्यांना न दिसणारं. मासे त्यात घुसमटून मेले. शिणाणे ते शेवाळ गाळून खातात, त्यांना काही होत नाही. चांगले माजतात. विष त्यांच्यात साठतं आणि खाणाऱ्याला भोवतं. उकडून जात नाही. निम्मं निवळात उतरतं.

“जिते होते सायबा,” गुणा त्याला परत परत सांगत होती. “सगळे जिते होते.” तिला त्यापुढचं ऐकूच येत नव्हतं.

पोलिसपण आले. माझा जबाब झाला, मी तेच सांगितलं. पुरुषांनी खाडीत उतरून मांडव उपसला, मेढी उपटल्या, दोर कापून टाकले. काही मिळालं नाही. “ओहोटीन नेल्यान,” लोक म्हणाले. हवालदारानं मान हलवली. ओहोटी बरंच काही नेते. त्यानंतर आमच्या खाडीत कुणी परत मांडव घातला नाही. आणि गुणानं परत कधी पाण्यात पाय घातला नाही.

मला वाटलं होतं, आता खरं सगळ्यांना ठाऊक झालं. विष होतं म्हणून डॉक्टरनं सांगितलंय, सरकारनं सांगितलंय. आता माझ्या मुडद्याची गरज संपली. त्याला परत घेता येईल.

भिकू तांडेलानं दिगूचं करायला घेतलं. देह नव्हता तर दर्भाचा पुतळा केला. किनाऱ्यावर सरण रचलं, भटजी आला. मालन एका बाजूला बसवलेली, कपाळ मोकळं, हात मोकळे. मी पुढे गेले.

“भिकूदादा,” मी म्हटलं, “थांबा जरा. माका बोलाचा आसा.”

“बोल गो.”

“मी खोटा बोललंय. थंय कोण नव्हतो. लोकांनी खाव नये म्हणान मी थाप मारलंय. माणूसच नव्हतो भिकूदादा. दिगू नव्हतो.”

भटजीनं घसा साफ केला. एक म्हातारी पुढे येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

“येसू,” भिकू तांडेल म्हणाला, “तुझा मन माका कळता. पोरीचा कपाळ बघून तुका वायट वाटता. म्हणान बोलतंस.”

“नाय हो! आईशप्पत!”

“तुझ्या शपथा आमी लय आयकलेत.” तो हसला. त्या सरणापुढे उभा राहून तो थोडासा हसला. मग माझ्या जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं बोलला, “आणि माका कोणी सांगूक नको. मांडव कापताना मी उतरलंय होतंय. शेवटच्या मेढीक माझ्या हाताक त्येचो हात लागलो. माझ्या झिलाचो हात माका कळना नाय काय? धरलंय होतंय गो. पाण्यान ओढून नेल्यान.”

त्याचे डोळे कोरडे होते आणि आवाज अगदी शांत होता. किती तरी दिवसांनी तो माणूस रात्रीचा झोपला होता, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

आता सांगा. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या थापेपुढे माझं तोंड उघडेना. मी बाजूला झाले. त्यानं पुतळ्याला अग्नी दिला. दर्भ तो, जळायला वेळ लागत नाही.

त्यानंतर पहिल्यांदा मालन माझ्याकडे आली ती मागच्या दारानं आली. मी मासे खवलत होते. ती समोर बसली, दुसरी सुरी उचलली आणि खवलायला लागली.

“मालन,” मी म्हटलं, “मी सांगलंय गो त्यांका. कोण आयकना नाय. तू तरी आयक. थंय तो नव्हतो.”

“म्हायत आसा,” ती म्हणाली.

“काय म्हायत आसा?”

“त्येचो दोरो डाव्या पायात होतो. मीच बांधलेलंय.”

मी सुरी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर काय सैल झालं होतं ते मला तेव्हा कळलं. ती पडणार नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला होता. तिचा नवरा तिथं नव्हता, हे तिला तिथल्या सगळ्यांआधी कळलं होतं.

“मगे कित्या?” मी म्हटलं. “मगे हात कित्या आपटलंस, पोरी?”

तिनं हातातला मासा आधी खवलून संपवला.

“तू थापो मारतंस तेव्हा सगळ्यांच्या तोंडाकडे बघतंस,” मग म्हणाली. “कोण हसता, कोण नाय. त्या दिवशी तू कोणाकडे बघणा नव्हतंस. तुझे ओठ पांढरे झाल्ले. आणि आते तशी बसलेली.” तिनं मासा पाण्यात बुचकळला. “लोक माझ्याकडे बघी होते. मी ‘तो नाय’ म्हटलंय आसतंय तर ते खावक बसले आसते. तुझ्या एकटेच्या बोलण्यान पाना खाली जावची नव्हती.”

“तर आता सांग! आता तू सांग, डावो पाय होतो म्हणान. तुझा आयकतले.”

“माझा?” ती म्हणाली. “घोव जितो आसा म्हणान सगळ्याच बायला सांगतत, काकी. होडी बुडाली की पयला ताच सांगतत.”

मी पुढचा मासा उचलून तिच्यापुढे ठेवला.

सवाशिणीला धक्क्यावर उभं राहता येतं. रांडाव बाई सांजेला धक्क्याच्या टोकाला उभी राहिली तर लोक विचारतात, आता कुणाची वाट बघतेस? म्हणून ती माझ्या मागल्या दारी येते. तिथून खाडीचं तोंड दिसतं. गुणा गेली, भिकू तांडेल गेला, मालनच्या केसांत आता काळं शोधावं लागतं. मी नातवंडांना खेकड्याच्या आणि मुशीच्या गोष्टी सांगून पळवून लावते आणि मग आम्ही दोघी बसतो. कधी ती म्हणते, “आज खंय आसा तो?” मग मी सांगते. मस्कतला खजुराच्या वखारीत आहे, मालक सोडत नाही. कधी उंटावरून पडून पाय मोडला म्हणून उशीर झाला. कधी त्याला एका बेटावर राजा करून ठेवलाय, रोज कासवाची अंडी खातो आणि कंटाळलाय. ती हसते. मधूनच एखादी गोष्ट नापास करते. “तो असो वागाचो नाय,” म्हणते, मग मी बदलते.

अंधार पडायला लागला की ती उठते, पदर झटकते, खाडीकडे एकदा बघते.

“आज पण नाय,” म्हणते.

“होडयेक वारो खंय आसा आज,” मी म्हणते.